चिंधी बांधलेला काटवल

अन्याय झाला तो आमच्या वस्तीतल्या काटवलवाल्या मावशीवर. आणीबाणी उठली त्या वर्षी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी. आणि तो केला आम्ही.

बेसा गावाकडच्या माळावर काटवलाचे, म्हणजे करटुल्याचे, वेल होते. ते कुणी लावलेले नव्हेत. पाऊस पडला की जमिनीतल्या कंदाला कोंब फुटायचा, वेल झुडपांवर चढायचा आणि श्रावणात हिरवी काटेरी फळं लागायची. ती विकून मावशी पोळ्यापर्यंत घर चालवायची. काही वेलांना मात्र फळच नसे, आणि नेमक्या त्यांनाच तिनं लाल चिंध्या बांधलेल्या!

आम्ही काही पोरं तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचो, भिंतींवर चिकटवायचो. चिंधी दिसली की हात शिवशिवायचे. चिंध्या फाडल्या, वेल कंदासकट उपटले, वर भाषणही ठोकलं.

मावशी टोपली टाकून धावत आली. "काहून उपटला गा पोट्ट्या?"

"फळ येत नाही, मावशी. फुकट जागा अडवून राहिला होता."

"तुह्या बापाले फळ येते का गा? नर होता तो, नर! कोनी उपटू नये म्हनूनच चिंधी बांधली होती!"

नराचं फूल नाही, तर मादीला फळ नाही. चार दिवसांत माळावरची पिवळी फुलं गळायला लागली. मावशीचा अख्खा हंगाम आमच्यामुळे गेला होता.

मी सायकल हाणली. दोन दिवस नाले, बांध, काटेरी झुडपं पालथी घातली आणि सापडला, एक नर सापडला! पहाटे त्याची फुलं रुमालात घेऊन पोचलो. फुलाखाली इवलासा काटेरी गोळा असेल ती मादी, हे मावशीनं दाखवलं. नराचं फूल तिच्या मधोमध टेकवायचं.

"हळू गा! पत्रक चिकटवून नाही राहिला तू."

सहाव्या दिवशी गोळे फुगले होते! मी माळावर नाचलो, अक्षरशः नाचलो.

उपटलेले कंद मावशीनं पुन्हा पुरले. एक तेवढा घरी ठेवला, डोकं दुखलं की उगाळून कपाळाला लावायला. "तुमच्यापायी लागनच," म्हणाली.

आता त्या माळावर प्लॉट पडताहेत. तुम्ही तिथं घर बांधणार असाल, तर कुदळ मारायच्या आधी चिंधीचा वेल शोधा. ती का बांधली, हे मावशीला जाऊन विचारा. नंतर नाही. आधी!