आधी खुर्चीत बसा

त्या वृद्धाश्रमात तिला सगळे पाणीताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच निवांत पडून होतं. बायकांच्या बाजूचं न्हाणीघर तिच्या ताब्यात. सव्वीस आज्या, प्रत्येकीची आठवड्यातून दोनदा आंघोळ, म्हणजे आठवड्याला बावन्न आंघोळी. अठरा वर्षं ती आंघोळीच घालत आली होती आणि तिला त्याचा कंटाळा आला आहे असं कोणी ऐकलं नव्हतं. कंटाळा यायला सवड लागते, आणि ती तिला कोणी दिली नव्हती.

हे काम हलकं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ऐंशी वर्षांच्या बाईला ओल्या फरशीवरून खुर्चीत बसवून दाखवावं. पाणीताईला कोणाच्या टाचेला भेग पडली, कोणाचं वजन उतरलं, कोणाच्या कमरेखाली लाल चट्टा उठलाय, हे सगळ्यांच्या आधी कळायचं. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा यायचे आणि कपड्यांवरून तपासायचे. चट्टे काही कपड्यांवर उठत नाहीत. असे चार-पाच चट्टे तिने वेळेवर धरले होते, नाहीतर त्यांच्या जखमा झाल्या असत्या. त्याबद्दल तिचा सत्कार वगैरे झाला नाही. डॉक्टरांनी 'बरं झालं सांगितलंत' म्हटलं, तेवढं तिला पुष्कळ झालं.

ती कामाला लागली तेव्हा इथे येणारी माणसं स्वतःच्या पायांनी यायची. हातात बॅग, डोळ्यांत राग, आणि आल्या आल्या खिडकीजवळच्या पलंगावरून भांडण. आंघोळीला मदत लागायची ती जेमतेम सहा जणींना. आता येणारी आजी थेट हॉस्पिटलातून येते, नव्वदीच्या घरातली असते आणि तिची फाईल तिच्या बॅगेपेक्षा जाड असते. माणसं जास्त जगायला लागली, हे चांगलंच झालं. पण त्यांना धरायला लागणारे हात कुठून आणायचे, याचा विचार कोणी केला नव्हता. पूर्वी फाटकाशी काम मागायला बायका उभ्या असायच्या. आता समोरच मोठं हॉस्पिटल झालं होतं. इथे एखादी मुलगी कामात जरा तयार झाली, की रस्ता ओलांडून तिकडे जायची. मॅडमच्या, म्हणजे आश्रमाच्या व्यवस्थापिकेच्या, त्यापायी नाकी नऊ आले होते.

त्यातच पाणीताईची जोडीदारीणही रस्ता ओलांडून गेली. बावन्नच्या बावन्न आंघोळी एकटीवर आल्या. पाच आठवडे तिने रेटलं. सहाव्या आठवड्यात उजव्या गुडघ्याने हात टेकले, म्हणजे गुडघ्याने जे काही टेकायचं असतं ते टेकलं. तो सुजून भोपळ्याएवढा झाला. घरी नवरा शेक द्यायला बसला. तो बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त.

"अगं, जगाला न्हाऊ घालतेस, आणि स्वतःच्या पायावर साधं औषध चोळत नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही आधी हात धुवा, मग माझ्या पायाला लावा," ती म्हणाली.

गाडी त्याने तीस वर्षं चालवली, पण घरात हॉर्न हिचाच वाजायचा.

दुसऱ्या दिवशी मॅडमने तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं. आत ओले रुमाल, औषधी, सुगंधी. गरम करायचे, माणसाला पलंगावरच पुसून काढायचं, पाणी नको, फरशी नको, खुर्ची नको. एका माणसाला आठ रुमाल आणि आठ मिनिटं.

"ताई, कमिटीचं म्हणणं आहे की दुसरी बाई मिळेपर्यंतच नाही, कायमचंच असं करू या. पडण्याचा धोका नाही. तपासणीवाल्यांनाही चालतं."

पाणीताईने एक रुमाल काढून हुंगला. "मॅडम, टेबल पुसायला छान आहे."

"मला का ते कळत नाही? पण तुमचा गुडघा उद्या बसला तर मी काय करू? महिनाअखेरपर्यंत दुसरी बाई मिळाली आणि टिकली, तर आंघोळ चालू ठेवू. नाहीतर एक तारखेपासून रुमाल. आणि एक सांगू? ती तुमची अट सोडा. त्या अटीपायीच मुली पळतात."

ती अट सगळ्या आश्रमाला ठाऊक होती. न्हाणीघरात जिला पाण्याचा मग धरायचा असेल तिने आधी खुर्चीत बसायचं. जुना गाऊन अंगावर ठेवून बसायचं, आणि पाणीताई तिला आंघोळ घालणार, एखाद्या आजीला घालते तशीच, पायापासून डोक्यापर्यंत. त्याशिवाय मगाला हात लावायचा नाही. अट तिने उगाच घातली नव्हती. ती स्वतः इथे फरशी पुसायला लागली होती. आंघोळ घालणारी बाई एक दिवस आली नाही, म्हणून हिच्या हातात मग दिला गेला, आणि हिने पहिल्याच आजीच्या डोक्यावर कढत पाणी ओतलं. त्या आजीने जे शब्द वापरले ते पाणीताईने आधी कधी ऐकले नव्हते, आणि शिव्यांच्या बाबतीत ती काही कच्ची नव्हती. त्या दिवसापासून अट.

मॅडमचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. त्या महिन्यात तीन मुली येऊन गेल्या. पहिली हसत हसत बसली, छान शिकली आणि सहाव्या दिवशी समोरच्या हॉस्पिटलात लागली. दुसरी दारातूनच म्हणाली, "मी कामाला आलेय, आंघोळीला नाही," आणि तिने पाय काढता घेतला. तिसरी बसायला तयार झाली, गाऊन घालायला आत गेली, आणि तिथून तिने आईला फोन लावला. आईने काय सांगितलं ते कळलं नाही, पण गाऊन खुंटीवर राहिला आणि मुलगी गेली.

पाणीताईला पहिल्यांदा भीती वाटली. गुडघ्याची नाही. बावन्न आंघोळी जातील, आणि आज्यांच्या अंगाला पाणीच लागणार नाही, याची. आठवड्यातून दोनदा त्यांच्यापाशी कोणीतरी वीस मिनिटं फक्त त्यांच्यासाठी थांबतं, ते जाईल. आठ मिनिटांत कोण काय बोलणार? अट सोडावी का, असं तिच्या मनात दोनदा आलं. तिसऱ्यांदा यायच्या आत चौथी बाई आली.

ही मुलगी नव्हती. एकोणपन्नास वर्षांची, सडपातळ, मोजकं बोलणारी. जाहिरातीत वयाची अट चाळीसची होती, आणि ती अट घालणाऱ्या कमिटीत सत्तरीच्या आतलं कोणी नव्हतं. मॅडमने नाइलाजानेच तिला न्हाणीघराकडे पाठवलं.

"आधी काय करत होतीस?" पाणीताईने विचारलं.

"अंडी भरत होते. खोक्यांत. बावीस वर्षं. मग मशीन आलं."

"फुटायची?"

"सुरुवातीला."

पाणीताईला उत्तर आवडलं. तिने अट सांगितली. बाईने गाऊन घेतला, घालून आली आणि बसली. वाद नाही, फोन नाही. पाणीताईने नेहमीप्रमाणे पाणी कोपराने तपासलं, मागे उभी राहिली, विचारून विचारून आधी पायावर, मग मांडीवर, मग खांद्यावर ओतलं. पाठ चोळली. केस पुसून झाल्यावर बाई म्हणाली, "माझी पाठ कोणी चोळली, त्याला चाळीस वर्षं झाली असतील. आई गेली तेव्हापासून."

पाणीताई दुसराच एक टॉवेल पिळत बसली. कोरडाच होता.

कपडे बदलून बाई परत आली आणि म्हणाली, "आता तुम्ही बसा."

"मी?"

"मग मी शिकणार कोणावर? आज्यांवर?"

पाणीताईने खुर्चीकडे बघितलं. अठरा वर्षांत तिने या खुर्चीत नऊ-दहा मुली बसवल्या होत्या. आज्या किती बसवल्या त्याची तर गणतीच नाही. स्वतः एकदाही बसली नव्हती. अट केली तेव्हा ती आधीच पाणी घालणारी झाली होती. मास्तरांनी स्वतःची परीक्षा घ्यायची राहून जावी, तसं झालं होतं. तिने मुकाट्याने गाऊन घेतला.

पहिली गोष्ट कळली ती ही की खुर्ची बर्फासारखी गार आहे. दुसरी, समोर भिंत आहे. नुसती भिंत. मागे बादलीत मग बुडाल्याचा आवाज येतो, पाणी उचलल्याचा येतो, बाई 'घालू का' असंही विचारते, आपण 'हो' म्हणतो, आणि तरी ते नेमकं कधी आणि कुठे पडणार ते कळत नाही. पहिला मग पायावर पडला आणि पाणीताई अशी किंचाळली, की बाहेर दोन आज्यांनी जप सोडून पळायचा विचार केला, आणि त्यांतली एक तर चाकाच्या खुर्चीत होती.

मॅडम धावत आली. "कोण पडलं?"

"कोणी नाही," ओलीचिंब पाणीताई म्हणाली. "मी ओरडले."

मॅडमने एकदा खुर्चीत बघितलं, एकदा मग धरलेल्या बाईकडे. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला दाराची कड धरावी लागली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती.

पण पाणीताई हसत नव्हती. तिला बाई आठवत होत्या. बाई म्हणजे आश्रमातल्याच एक आजी, एका शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, वय एक्याण्णव, डोळ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. गेली चार वर्षं त्या प्रत्येक मगाला ओरडायच्या. पाणीताईनेच मॅडमला सांगून त्यांच्या नोंदीत लिहायला लावलं होतं, 'पाण्याची भीती आहे.' कसली पाण्याची भीती! आपण मागून पाणी टाकतो आणि दोष पाण्याला देतो. अठरा वर्षं आपण सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. कोणी काही बोललं नाही, कारण इथे येईपर्यंत माणसं बरंच काही न बोलायला शिकलेली असतात. तिला फार वाईट वाटलं. तिने ते बोलूनही दाखवलं.

"मॅडम, ती पाण्याची भीती खोडा. मला अक्कल नव्हती, असं लिहा."

"तसा रकाना नाहीये," मॅडम म्हणाली. पण नोंद तिने खोडली.

त्याच दिवशी खुर्ची फिरवली. आता बसणारीचं तोंड दाराकडे, आणि पाणी घालणारी समोर. बसवायच्या आधी खुर्चीवर दोन मग कोमट पाणी. त्यानंतर पाणी आधी बसणारीच्या तळहातावर घालायचं, तिने ठरवायचं, गरम की गार, मग पाय. ही शेवटची कल्पना अंड्यांच्या बाईची. आपल्याला ती आधी सुचली नाही याची पाणीताईला थोडी चुटपुट लागली, पण लगेच तिने ती सगळ्यांना सांगितली, आणि कोणाची आहे तेही सांगितलं.

नवी बाई टिकणार का, हा प्रश्न होताच. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या हॉस्पिटलातून तिला निरोप आला. ते कळूनही पाणीताईने काही विचारलं नाही. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच म्हणाली, "तिकडे जाऊन आले. तिथे ते रुमालच वापरतात." आणि बादली भरायला लागली. पाणीताईच्या जिवात जीव आला.

महिनाअखेरचा मंगळवार. कमिटीला कळवायचा दिवस. मॅडमने ठरवलं होतं, आज नवी बाई एकटीने घालेल, पाणीताईने आत जायचं नाही. आणि पहिली पाळी नेमकी मुख्याध्यापिका बाईंची. पाणीताई बाहेर बाकावर गुडघा लांब करून बसली. हातात चहा. मॅडम शेजारी येऊन बसली. दोघी दाराकडे कान लावून.

आत मग बुडाला. पाणी पडलं. पुन्हा बुडाला. पुन्हा पडलं. कोणी ओरडलं नाही. नंतर आतून पुटपुटल्यासारखा आवाज आला. बाई बाराचा पाढा म्हणत होत्या, आणि कुठेही चुकत नव्हत्या. मॅडमने डोळे पुसले आणि उठून ऑफिसात कमिटीला फोन करायला गेली. रुमालांची पाकिटं परत पाठवा, असं ती दारातूनच कोणाला तरी सांगताना ऐकू आलं.

पाणीताई एकटी बसून राहिली. बरं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर जरा दुखतही होतं. आपल्यावाचून आत सगळं इतकं सुरळीत चाललंय, हे ऐकणं सोपं नसतं.

बाई बाहेर आल्या. पांढरे केस नीट विंचरलेले, गाल गुलाबी, एक हात नव्या बाईच्या हातात. बाकाशी थांबल्या.

"कोण, पाणीताई का?"

"हो, बाई. कशी झाली आंघोळ?"

"उत्तम. हिचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे. दहापैकी नऊ दिले मी."

"आणि मला किती?"

"सात."

नवी बाई लाजून खाली बघायला लागली. पाणीताईने चहा बाकावर ठेवला. सात तर सात. अठरा वर्षांत कोणी मार्क तरी दिले. "बरं बाई," ती म्हणाली, "मग यापुढे हीच घालेल तुम्हाला."

"असं कसं?" बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला. "मंगळवारी ही. शुक्रवारी तू. तुलाही सराव नको का?"