मरणाचं कलम

लिमिटेड काकांना मरणाबद्दल बोलायला संकोच कसा तो ठाऊकच नव्हता. समोरच्याचा चहा अर्धा व्हायच्या आत ते विचारायचे, "तुम्ही गेले तं हिस्सा कोणाले जाईन, भाऊ?" नागपूरचे हे गृहस्थ बहरीनच्या राजधानीत, मनामात, एका वकिलाकडे मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचे करारनामे टाइप करायचे, नाव तिथूनच पडलं. मनामाच्याच माहूज भागात आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे.

नव्वदच्या दशकात बहरीनमध्ये अशी कंपनी काढायची तर निम्म्याहून जास्त हिस्सा तिथल्या माणसाचा लागे. मला युसुफ भेटला. अस्कर गावातली नोकरी सोडून मी त्याच्याबरोबर सनद नावाच्या गावात एसी दुरुस्तीचं वर्कशॉप काढत होतो. माझा व्हिसा आता कंपनीवर, म्हणजे कंपनी बंद पडली की बायकोमुलांसकट परत. बायकोने पुण्याहून मुहूर्त काढून घेतला होता. आणि काकांनी करारात आधी काय घातलं, तर भागीदार मेला तर काय करायचं ते: हिस्सा वारसांकडे जाईल, कंपनी चालूच राहील, कोणालाही ती बंद पाडता येणार नाही.

बायको म्हणाली, शुभकार्यात असलं अभद्र नको. मी आज्ञाधारकपणे तो निरोप वरच्या मजल्यावर पोचवला. काकांनी ऐकून घेतलं, नवा कागद मशीनवर चढवला आणि तेच कलम पुन्हा टाइप केलं.

"मुहूर्त तुमचा, कलम माहं. वहिनींनी शिव्या मले द्याव्या."

युसुफने सगळं सावकाश वाचलं, 'खलास', म्हणजे झालं, ठरलं, असं म्हणाला आणि सही केली. मुहूर्त टळू नये म्हणून मी न वाचताच केली.

अडीच वर्षांनी युसुफ गेला. दुखवट्यातच त्याचा धाकटा भाऊ वर्कशॉपला कुलूप लावायच्या गोष्टी करू लागला. युसुफच्या थोरल्या मुलाने करार काढून त्याच्यापुढे ठेवला. खाली बापाची सही होती. धाकट्या भावाने कुलपाचा विषय सोडला. माझा व्हिसा राहिला, मुलांची शाळा राहिली. मी हलव्याचा डबा घेऊन लिमिटेड काकांकडे गेलो, तर त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्या पोरायचा हिस्सा त्यायच्या नावावर झाला नं?" ते विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी काका नोकरीतून मोकळे झाले, व्हिसा रद्द झाला आणि ते नागपूरला परतले. काही महिन्यांनी ते गेल्याचा फोन आला. मला फार वाईट वाटलं. त्या कलमाला अभद्र म्हणणाऱ्या माझ्या बायकोनेच विचारलं, "त्यांच्यामागे कोण आहे?"

मला सांगता येईना. सहा वर्षं शेजार होता, आणि हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.