गादीवाल्याचा टाका

गादीवाल्याने आपल्या मेहुण्याला गादीत शिवला, असं एके काळी सगळी गल्ली कुजबुजत होती. मोठ्याने बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण निम्म्या गल्लीच्या गाद्या त्याच्याच हातच्या. कुणाच्या पाठीला जरा काही टोचलं की घरात शांतता पसरायची. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने तर महिनाभर जमिनीवर अंथरूण घातलं. नवरा म्हणाला, "अगं, त्या मेहुण्याची उंची बघ, आपल्या गादीची लांबी बघ. मावेल का तो यात?" शिंपीण म्हणाली, "दुमडला असेल."

असल्या गोष्टींत लोकांची बुद्धी फार चालते.

गादीवाला दिसायला मात्र असा, की हा माणूस मुंगीला वाट सोडून चालत असेल. अंगाने काडी, भुवयांत कापसाची कुसळं, त्यामुळे तिशीतच साठीचा दिसायचा. शर्टाच्या कॉलरला मागच्या बाजूने एक दाभण कायम टोचलेलं, त्यात दोरा ओवलेला. बायको म्हणायची, हे माझ्याआधी ते दाभण सोबत घेऊन आलेत, मी धाकटी. उसवलेली शिवण त्याला बघवायची नाही. एकदा दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायला गेला, तर नंबर येईपर्यंत तिथल्या फाटक्या बाकाची गादी शिवून मोकळा झाला. डॉक्टर बाहेर येऊन बघतात तो बाक नवा आणि पेशंट बाकाखाली.

दुकान म्हणजे एक लांबोडी खोली. पुढे कापूस पिंजायचं यंत्र, ते सुरू झालं की शेजारच्यांना एकमेकांशी खुणांनी बोलावं लागे. मागे भिंतीला लागून फळ्यांचा मोठा पेटारा, पिंजलेला कापूस ठेवायला. वर माळा, तिथे नवराबायकोचा संसार. एक खुर्ची होती, गिऱ्हाइकासाठी, पण तिच्यावर नेहमी खोळींची चवड असायची.

मग फोमच्या गाद्या आल्या. लोक दुकानात जायचे आणि गादी गुंडाळून बगलेत मारून घरी यायचे. यंत्र आठवड्यातून दोनदा चालू लागलं, मग एकदा. त्यात जागेचा मालक येऊन सांगून गेला, की दुकान विकायला काढलंय, तू घे, नाहीतर सहा महिन्यांत माळ्यासकट खाली कर. गादीवाला हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणायचा. त्या दिवसापासून मात्र त्याची झोप उडाली. जगाला झोपवणारा माणूस स्वतः छताकडे बघत पडायला लागला. दुकान गेलं तर जायचं कुठं, आणि दुसरं येतं काय आपल्याला, हा एकच किडा डोक्यात.

आता यात सोनारीण कुठून आली ते ऐका. पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका सोनाराची विधवा राहायची. मूलबाळ नाही. एक पुतण्या दोन वेळचं बघायचा, तेही म्हातारी काहीतरी ठेवून जाईल या आशेवर. सोनाराने मागे काय ठेवलं यावर गल्लीत पैजा लागायच्या. म्हातारी पुतण्याला सांगायची, काही नाही रे, नुसती भांडी. गादीवाला मात्र दर दोन वर्षांनी तिची गादी उसवून कापूस पिंजून द्यायचा, आणि ती खुर्ची टाकून समोर बसायची. सगळी गादी उसव, पण पायाकडच्या एका कोपऱ्याला हात लावायचा नाही, ही तिची अट. एकदा तिथे चुकून दाभण गेलं आणि आत कशाला तरी खट्ट वाजलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. बरीच वर्षं बोलला नाही.

बोलला तो मेहुण्याजवळ. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. देखणा, केसांना तेल, अंगाला अत्तर, खिशाला भोक. आज विम्याचा एजंट, उद्या जुन्या गाड्यांचा दलाल, परवा परदेशी जायची तयारी. बहिणीच्या घरी जेवायला यायचा आणि दाजींना सल्ला देऊन जायचा. त्या दिवशी गादीवाला जागेचं रडगाणं गात होता, आणि गाता गाता तोंडातून तो खट्ट आवाज निसटला. मेहुण्याचा घास हातातच राहिला.

पुढची आखणी सगळी मेहुण्याची. म्हातारीला डोळे तपासायला पुतण्या घेऊन जाणार होता, ती खबर त्याने काढली. मोलकरीण किल्ली कुंडीखाली ठेवते हे गादीवाल्याला ठाऊक होतंच. सुरीने कोपरा फाडायचा, वस्तू काढायची, कपाटं उलटीपालटी करायची, म्हणजे कुठला तरी भुरटा चोर येऊन गेला असं वाटेल. गादीवाल्याने विचारलं, आणि बाईचं काय? मेहुणा म्हणाला, तिचं काय, ती तर म्हणते नुसती भांडी आहेत.

भर दुपारी काम झालं. जिने सुनसान. मेहुण्याने कोपरा फाडला, आत हात घातला, आणि कापडात बांधलेलं एक जड बोचकं बाहेर काढलं. मग तो आतल्या खोलीत कपाट विस्कटायला गेला. गादीवाला पलंगापाशी उभा. समोर त्याचीच गादी, कोपरा फाटलेला, कापूस आतड्यासारखा बाहेर. आतून मेहुण्याच्या शिव्या, भांड्यांचा खणखणाट. आणि याचा हात कॉलरकडे गेला. कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. मेहुणा परत आला तेव्हा गाठ मारून दोरा दाताने तोडणं चाललं होतं.

खाली उतरून दोघांनी गल्ली ओलांडली. दुकानात शिरल्यावर मेहुण्याने दार लोटलं.

"दाजी, घर लुटून जाताना गादी शिवून देणारा चोर तुम्ही ऐकलाय कधी?"

"उघडी कशी ठेवायची?" गादीवाला म्हणाला.

"सही करून आलात तुम्ही तिथं. खाली तारीख पण टाकायची होती."

बोचकं यंत्रावर सोडलं तर आत पाटल्या, साखळ्या, सोन्याच्या तुकड्यांची एक पुरचुंडी. एकेक जिन्नस हातात तोलून हिशेब लावण्यात दुपार सरली. जागा येईल, वर काहीतरी उरेल, एवढं. गादीवाल्याने हात पुढे केला. मेहुण्याने बोचकं पुन्हा बांधलं. म्हणाला, तुमच्या टाक्याने आता पोलीस इथंच येणार. ते तुम्हाला धरणार, मला कशाला? माल माझ्याजवळच बरा. गादीवाला म्हणाला, निदान दुकानापुरतं दे, तुझ्या बहिणीचा संसार उघड्यावर येईल. मेहुणा हसला.

"टाका घातलात तिथंच तुमचा वाटा संपला. ताईला सांगा, भाऊ परदेशी गेला."

ताई त्या दिवशी माहेरी होती, आईला ताप होता म्हणून. नाहीतर ही गोष्ट वेगळी झाली असती.

तेवढ्यात दारासमोर पोलिसांची जीप उभी राहिली. मागे दार नाही, माळ्याची शिडी समोरूनच दिसणारी. राहिला पेटारा. मेहुणा बोचक्यासकट आत उतरला, पाय पोटाशी घेऊन बसला, आणि गादीवाल्याने वरून कापूस ओतला. पोती रिकामी केली. झाकण लावलं. आणि आतून खोकला ऐकू येऊ नये म्हणून यंत्र सुरू केलं.

आत आले फौजदार आणि त्यांच्यामागे हवालदार. हवालदार म्हणजे खरोखरच भारदस्त माणूस, दोन जिने चढला की तिसऱ्यावर राजीनामा द्यायला निघणारा. फौजदारांना आपल्या विनोदाचा फार अभिमान. यंत्राच्या वर आवाज चढवून त्यांनी सांगितलं, की पुतण्याने बोलावलं म्हणून आत्ताच सोनारणीच्या घरी जाऊन आलो. घर विस्कटलेलं, गादी मात्र ताजी शिवलेली. आयुष्यात इतका नीटनेटका चोर पाहिला नाही. गादीवाला म्हणाला, टाका माझाच आहे साहेब, गल्लीतल्या सगळ्या गाद्यांना माझाच टाका असतो.

बोलणं चाललं असताना हवालदाराने बसायला जागा शोधली. खुर्चीवर खोळींची चवड होती. मग त्याने पेटाऱ्याच्या झाकणावर बूड टेकलं. फळ्या करकरल्या.

गादीवाल्याने ते पाहिलं. त्याला वाटलं, आता म्हणावं, साहेब तिथं नको, खुर्ची मोकळी करून देतो. पण म्हटलं आणि यांना संशय आला तर? तो गप्प राहिला. तोवर ही भीतीच होती, दुसरं काही नाही.

मग फौजदार म्हणाले, "घाबरू नकोस रे. बाईंची तक्रारच नाही. पुतण्या शेजारी उभा होता, आणि बाई म्हणाल्या, गादीत कापूस होता, दुसरं काय असणार. काही गेलंच नाही. मी आलोय तो वेगळ्याच कामाला. ठाण्यातल्या गाद्या पार बसल्यात. त्या भरून द्यायच्या."

इथे यंत्राच्या खडखडाटाखालून गादीवाल्याला दुसरा आवाज ऐकू आला. फळीवर आतून हात मारल्याचा. हवालदाराला तो यंत्राचाच वाटला; म्हणाला, तुझं यंत्र खिळखिळं झालंय, तेल घाल. आता भ्यायचं कारण उरलं नव्हतं. चोरीच झाली नव्हती. खोळी उचलून हवालदाराला खुर्ची दिली असती, जराशी फळी सरकवली असती, पुरे होतं. गादीवाल्याने खोळींच्या चवडीकडे पाहिलं. मेहुण्याचं हसणं आठवलं. वर माळ्यावरचा संसार आठवला.

"चहा सांगतो," तो म्हणाला. "बसा आरामात. गाद्यांची मापं काय आहेत?"

चहा आला. मापं झाली. कापूस कुठला घालायचा, खोळ कुठल्या रंगाची, सगळं त्याने बारकाईने विचारलं. फौजदारांनी चोराचा विनोद पुन्हा एकदा सांगितला आणि गादीवाला योग्य जागी हसला. ठोकणं मधेच केव्हातरी थांबलं. ते दोघे गेल्यावर त्याने यंत्र बंद केलं आणि दार आतून लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही दुकान उघडलं नाही.

बायको परत आली तेव्हा यंत्राखाली सिमेंटचा पक्का चौथरा झाला होता. तिने विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, जमीन खचत होती, यंत्र हलायचं. भाऊ परदेशी गेल्याचंही त्याने तेव्हाच सांगितलं. ती म्हणाली, मला न भेटता? आईला न भेटता? त्या दिवसापासून ती सगळं दुकान झाडायची आणि चौथऱ्याच्या कडेला आली की केरसुणी उचलायची.

दुकान त्याने विकत घेतलं. पोलिसांचं काम मिळालंय, असं लोकांना सांगितलं. लोक म्हणाले, पोलीस कधीपासून पैसे द्यायला लागले? आणि मेहुणा कुठं दिसत नाही तो? झालं, गादीची कुजबुज तिथून सुरू झाली.

सोनारणीने त्याला महिनाभराने बोलावलं. पलंगावर बसून होती. पुतण्या भाजी आणायला गेला होता.

"कोपऱ्यात खड्डा पडलाय," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"रडू नकोस, गादी भिजेल. पुतण्या त्या दिवसापासून रोज सकाळी चादर नीट करायच्या निमित्ताने कोपरा चाचपायला बघतो, मी आपली त्यावर पाय देऊन बसलेय. हाताला काही लागलं नाही, तर मला उद्यापासून चहा कोण देणार? काहीतरी टणक भर त्यात. आणि तोंड बंद ठेव, मी ठेवलंय तसं."

त्याने यंत्राच्या जुन्या चाकाचा एक तुकडा आणून कोपऱ्यात भरला आणि वर असा टाका घातला, की दोरा कुठे संपतो ते दिसू नये. म्हातारी पुढे बरीच वर्षं जगली. पुतण्याने शेवटपर्यंत तिचं सगळं केलं. ती गेल्यावर त्याने सगळ्यात आधी गादी फाडली.

आता कापसाची गादी कुणी भरत नाही. मोबाइलवाल्यांनी त्या दुकानासाठी मागेल ती किंमत देऊ केली. गादीवाला विकत नाही. त्याची छाती कापसाने भरलीय, डॉक्टर म्हणतात मोकळ्या हवेत जा, तो जात नाही. बंद यंत्राशेजारी बसून असतो, खुर्चीवर. गल्लीतली नवी पोरं विचारतात, काय हो, खरंच शिवलात का मेहुण्याला? तो म्हणतो, नाही रे.

ते खरं आहे. मेहुणा कुणाच्याही गादीत नाही. तो पेटाऱ्यात कापसाखाली गुदमरून मेला, आणि गादीवाल्याने त्याला यंत्राखाली पुरला.