चुलीपाशी आलेलं सोयाबीन

विंचूरजवळच्या आमच्या घरी दरवर्षी सोयाबीन ओटीवर पोत्यांत उभं राहायचं आणि टेम्पोत बसून बाजारात जायचं. गहू-बाजरी कोठीत, सोयाबीन पोत्यात. चुलीपाशी एक दाणा कधी आला नाही, आणि का, हे कुणी विचारलंही नाही.

गेल्या वर्षी आई तापातून उठली, पण अंगात काही उरलं नव्हतं. पलंगावरून उतरायला माझा खांदा लागायचा. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, प्रथिनं कमी पडताहेत. आई माळकरी, अंड्याचं नाव काढायची सोय नाही. मग सोयाबीन द्या, म्हणाले, डाळीपेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं असतात त्यात. मला हसू आलं आणि स्वतःचा रागही. पोती ओटीवर, आणि आम्ही दवाखान्यात नंबर लावून बसलेलो.

"अगं, ते विकायचं हाय, खायचं नाय," आई म्हणाली.

ऐकेन तर मी कसली. अर्धा गहू, अर्धं सोयाबीन, तसंच कच्चं गिरणीतून दळून आणलं. शहाणीच ना मी. पोळीला उग्र वास येत होता. माझं मन राखायला आईनं दीड पोळी खाल्ली आणि दोन दिवस पोट धरून पडली. होती नव्हती ती ताकदही गेली. तिच्या पायाशी बसून मी खूप रडले. कच्चं पचत नाही, आधी भिजवून चांगलं उकडायचं, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

मग सोयाबीन उकडायच्या दुपारी सुरू झाल्या. आदल्या दिवशी भिजवलेले दाणे पातेल्यात संथ रटरटायचे, वाफ खिडकीतल्या उन्हात जाऊन विरायची. उकडलेले दाणे जुन्या लुगड्यावर वाळत पडायचे आणि खोली पिवळसर व्हायची. आई डोळे मिटून म्हणायची, "शेंगांवानी वास येतोय." मलाही तिच्या शेजारी डुलकी लागायची. वाळलेले दाणे भाजून, नऊ वाटे गव्हात एक वाटा दळायचे. कधी वाटीभर उसळ. औषधं, दूध, डाळ होतीच, सगळं श्रेय सोयाबीनला देत नाही मी. आई भिंत धरून कधी चालायला लागली, ते मात्र नीट आठवत नाही.

दिवाळीआधी नवं पीक न्यायला टेम्पो आला. मी आत होते. अंगणातून आईचा आवाज आला म्हणून बाहेर गेले. ती टेम्पोपाशी उभी होती, कशालाही न धरता, आणि हमालाला सांगत होती,

"तेवढं एक खाली ठेव, बाबा. ते घरचं हाय."