व्यायाम बंद, वडे चालू

उन्हाळ्यात घरच्या घरी सांभाळून व्यायाम कसा करावा, याची यादी आमच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे. मुलाने ऑफिसातून प्रिंट काढून आणली. सकाळी लवकर करा, हवेशीर जागा निवडा, पंखा चालू ठेवा, आधी आणि नंतर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच थांबा. सगळं बरोबर आहे हो. फक्त आमचा फ्रिज स्वयंपाकघरात आहे, आणि ही यादी मी रोज वाचत होते ती तव्यासमोर उभी राहून, पाठीवरून घामाच्या धारा वाहत असताना.

बोरिवलीतलं आमचं घर शेवटच्या मजल्यावर, चोवीस वर्षं इथेच आहोत. डोक्यावर गच्ची, गच्चीवर दिवसभर ऊन. हॉलमध्ये पंखा आहे. आतल्या खोलीत एसी आहे, कारण मुलगा आठवड्यातले काही दिवस तिथे दार लावून घरूनच काम करतो. स्वयंपाकघरात काही नाही. पंख्याच्या वाऱ्याने गॅस फडफडतो म्हणून तो कधी लावलाच नाही. धूर बाहेर फेकणारा छोटा पंखा होता, तो बंद पडला, त्या भोकात कबुतरांनी संसार मांडला, मग आमच्या ह्यांनी तिथे पुठ्ठा ठोकला. विषय संपला.

गेल्या थंडीत माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना. ब्लाउजच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, जूनपर्यंत खांदा मोकळा झाला नाही तर भूल देऊन, जोर लावून सोडवावा लागेल. मला भुलीची भयंकर भीती वाटते, खोटं कशाला सांगू. म्हणून मी व्यायामाला लागले. फिजिओथेरपीची मुलगी वयाने माझ्या मुलाएवढी, पण बोलायला कडक. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं हळूहळू वर चढवत न्यायची, जिथे पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या हॉलमध्ये कॅलेंडरचा खिळा आहे. तिथवर बोटं पोचली की भूल टळली, असं तिने खिळ्याची उंची विचारून मला सांगून ठेवलं होतं.

मार्चमध्ये माझी पहिली खूण स्विचबोर्डाच्या पातळीवर होती. रोज सकाळी सहाला, पंखा लावून, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून मी पंधरा मिनिटं भिंतीशी झगडायचे. नव्या रंगावर रेघोट्या ओढते म्हणून हे कुरकुरले, मी लक्ष दिलं नाही. एप्रिल संपताना शेवटची खूण खिळ्याच्या एक वीत खाली होती. त्या दिवशी मी एकटीच हसले होते.

मग मे महिन्यातला तो रविवार. नणंद चेंबूरहून जेवायला यायची होती, आणि नणंद येणार म्हणजे कोंबडी-वडे. ह्यांनी परस्पर कबूलही करून टाकलं होतं. सकाळचा व्यायाम राहिला, कारण सहा वाजल्यापासून मी खोबरं भाजत होते. दहाला तेल तापलं ते साडेबाराला गॅस बंद केला. थापायला आणि तळायला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही, त्यामुळे त्यात कुणाला अडचण दिसली नाही. तेवढ्या वेळात पाण्याचा घोट घेतल्याचं मला आठवत नाही. बाहेर तिघं पंख्याखाली बसून मागत होती, मी गरम गरम नेऊन वाढत होते.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर मला वाटलं, पाच मिनिटं तरी हात वर करून घेऊ, एक दिवसही चुकायला नको. भिंतीशी गेले. बोटं शेवटच्या खुणेपाशी आली आणि डोळ्यांपुढे काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा मी जमिनीवर होते, मुलगा तोंडावर पाणी मारत होता आणि हे म्हणत होते की उन्हाळ्यात असले प्रकार नकोतच. मुलाला त्याची यादी आठवली. भर दुपारी व्यायाम करू नका, असं त्यात लिहिलेलं होतं, मी वाचत का नाही, असं तो रागाने विचारत होता. नणंदेने कोकम सरबत दिलं आणि आपल्या मालवणीत निकालही दिला. "बायलमाणसाक घरातला काम तोच व्यायाम. येगळो कित्याक व्हयो?"

व्यायाम बंद, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. आणि संध्याकाळी साडेसहाला, मी अजून पडूनच होते, हे दारात येऊन अगदी मायेने म्हणाले, "तू दमलीयस, रात्री जास्त काही करू नकोस. पिठलं-भात टाक फक्त."

मी उठले आणि पिठलं टाकलं. याबद्दल मला त्यांच्यापेक्षा माझा स्वतःचाच राग जास्त येतो. वडे तळून माणूस पडतं तेव्हा वड्यांना कुणी बोल लावत नाही, पडताना हात कुठे होता तेवढं बघतात.

दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर ह्यांनी ओल्या फडक्याने भिंत पुसून काढली होती. दोन महिन्यांच्या खुणा गेल्या होत्या, खिळ्याखाली नुसता फिकट पट्टा उरला होता. मला तिथे बसून रडावंसं वाटलं. आठ-दहा दिवस मी गप्प राहिले, सगळ्यांचं ऐकलं, दोन्ही वेळ चपात्या केल्या. खांदा पुन्हा दगड झाला. शेवटी स्वतःची पाठ धुता येईना तेव्हा मी ह्यांना घेऊन त्या मुलीकडे गेले.

तिने विचारलं, चक्कर येण्याआधी काय करत होतात? उत्तर ह्यांनीच दिलं. "काही नाही हो, घरातच होती."

मी म्हटलं, "अडीच तास वडे तळत होते. उपाशी. बिनपंख्याच्या खोलीत."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे सांगितलं की व्यायाम एक दिवसही थांबवायचा नव्हता. थांबवायचं होतं ते दुसरंच.

त्या संध्याकाळी मी ती यादी फ्रिजवरून काढली आणि दोघांना समोर बसवून वाचून दाखवली. हवेशीर जागा. पाणी. चक्कर आली की थांबा. म्हटलं, हे सगळं मला मान्य आहे, फक्त आता ते स्वयंपाकघरालाही लागू. उद्यापासून सकाळी नऊनंतर मी गॅससमोर उभी राहणार नाही. नऊपर्यंत जे होईल ते जेवायचं. मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला. ह्यांना वाटलं, चार दिवसांचं नाटक आहे.

पाचव्या दिवशी ह्यांना गार चपात्यांचा कंटाळा आला. त्यात काय एवढं, चार चपात्या मीच करतो, असं म्हणत दुपारी बारा वाजता आत गेले. सकाळचा व्यायाम माझा झालेलाच होता, तरी मी मुद्दाम उठून भिंतीशी उभी राहिले. वीस मिनिटांत हे बाहेर आले, बनियन पिळून काढावी इतकी ओली, चेहरा लालबुंद. पंख्याखाली खुर्चीत बसले, तांब्याभर पाणी प्यायले. मग स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "आत इतकं उकडतं? मग इथे आपण काही सोय का नाही केली?"

"चोवीस वर्षांनी आज विचारताय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता.

माझी बोटं भिंतीवर होती तिथे थांबली होती, पुढे जात नव्हती. मी पेन्सिल मागितली. त्यांनी उठून आणून दिली, आणि मी खूण कुठे करते ते जवळ उभं राहून पाहिलं. त्यांनीच पुसलेल्या पट्ट्याचं वरचं टोक खिळ्याच्या वीतभर खाली होतं. माझी नवी खूण त्याच्याही चार बोटं खाली पडली, आणि जून लागायला नऊ दिवस उरले होते.