तिकडची थंडी

आमच्या आळीत विलायतेला जाऊन शिकून आलेले ते एकटेच. रत्नागिरीच्या भर वैशाखातही ते जाड लोकरीचा कोट घालून फिरत. कोळणीपुढे उकिडवे बसून बांगडे निवडतानासुद्धा तो उतरत नसे. "उकडत नाही काय हो?" असं कुणी विचारलं, की कपाळ पुसून शांतपणे म्हणत, "तिकडे फार थंडी होती." तिकडच्या मुक्कामाबद्दल त्यांनी याहून जास्त कधीच काही सांगितलं नाही.

पुढे माझं लंडनला शिकायला जायचं ठरलं. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात मी चढणार, तोच ते बंदरावर आले. सगळ्यांदेखत त्यांनी कोट काढला आणि माझ्या अंगात चढवला. कोटाखाली ते फारच बारीक निघाले.

"तिकडे उपयोगी पडेल," ते म्हणाले. "परत आलास की लगेच काढून टाक. मला काही जमलं नाही."

मला परत येऊन दोन वर्षं झाली. सध्या वैशाख आहे, विहीर तळाला गेली आहे. आत्ताच पान वाढताना आई म्हणाली, "निदान जेवताना तरी तो कोट काढ रे."

मी म्हटलं, "तिकडे फार थंडी होती."