हाफ तिकिटाचे लगेज

सखाराम तांबे निवृत्त होऊन पाच वर्षे झाली, तरी वाडीत त्यांना अजून कंडक्टरच म्हणतात. रत्नागिरीहून पूर्णगडच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांवर त्यांनी एकतीस वर्षे काम केले. त्यांच्या गाडीत सुटे पैसे नेहमी मिळत आणि लगेजचे तिकीट कधी सुटत नसे. तांदळाचे पोते असो, सुक्या मासळीची टोपली असो की नव्या सुनेचे शिलाई मशीन असो, त्यांची नजर आधी सीटखाली जाई आणि मग माणसाच्या तोंडाकडे. माणूस ओळखीचा असला तर आवाज थोडा मऊ होई, एवढाच फरक. “लगेज पडंल हां, मामा. नियम मी केला नाय.” मामा लगेज भरत. बौद्धवाडीतल्या कोणालाही याचा राग आला नाही. ज्या माणसांनी पिढ्यानपिढ्या आपल्यापुरते वेगळे नियम सोसले, त्यांना सर्वांना सारख्या असलेल्या नियमाची किंमत ठाऊक असते.

या नोकरीचा तोटा एकच होता. सण, सुट्ट्या आणि मे महिना, म्हणजे साऱ्या जगाने प्रवास करण्याचे दिवस आले, की कंडक्टरला रजा नसे. त्यामुळे त्यांच्या पत्नी सुंदराबाई रत्नागिरीच्या पलीकडे फारशा गेल्याच नाहीत. वाडीतली माणसे दीक्षाभूमीला जात, बोधगयेला जात, मुंबईला मुलांकडे जात, आणि परतली की घरोघर काही ना काही देत. कधी संत्री, कधी अगरबत्तीचा पुडा, कधी कंगवा. परसातली पहिली काकडी शेजारी द्यावी तसेच हे देणे, म्हणून वाडीत त्यालाही वानवळाच म्हणतात. वस्तू लहान असली तरी चालते. मात्र एकही घर वगळायचे नाही, आणि सर्वांना सारखेच द्यायचे. सुंदराबाईंनी हा प्रवासाचा वानवळा चाळीस वर्षे घेतला. द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही.

म्हणून मुंबईत नोकरी करणाऱ्या सम्यकने, त्यांच्या मुलाने, फोनवर सांगितले की स्वस्तातली तिकिटे मिळाली आहेत, जानेवारीत सगळे मिळून बँकॉकला जाऊ, तेव्हा सुंदराबाईंनी समुद्र, विमान, देवळे यांपैकी कशाचीच चौकशी केली नाही.

“सव्वीस घरांना पुरंल असं काय मिळतं तिथं?” त्यांनी विचारले.

“आई, अजून तिकिटं काढतोय मी.”

“काढ. पण आधी बघून ठेव.”

सखारामांनी मात्र दुसरी चौकशी केली. प्रत्येकाला किती किलो? उत्तर मिळाले की मोठ्या बॅगेत पंधरा आणि हातातल्या सामानात सात. त्यांनी लगेच रत्नागिरीच्या बाजारातून हूक असलेला वजनकाटा आणला आणि निघेपर्यंत घरातल्या जवळपास प्रत्येक वस्तूचे वजन करून पाहिले.

बँकॉकमध्ये पहिले तीन दिवस चांगले गेले. सून आम्रपाली सर्वांना मोठमोठी विहारे दाखवत होती आणि सुंदराबाई प्रत्येक विहारात हात जोडून झाल्यावर बाहेरच्या दुकानांकडे पाहत होत्या. छत्र्या त्यांना पसंत पडल्या होत्या, पण सखारामांनी त्या मोडीत काढल्या.

“छत्री नको. छत्री माणूस हमखास इसरतो. मी एकतीस वर्षं इसरलेल्या छत्र्या डेपोत जमा केल्यात.”

“मग पिशव्या?”

“पिशव्या वाडीत कमी हायत काय?”

चौथ्या दिवशी, पत्र्याच्या छपराखालच्या एका लांबलचक बाजारात, सुंदराबाई एका टोपलीपुढे थांबल्या. टोपलीत आंबे होते. हातात भरतील एवढे, देठाशी किंचित लाली असलेले, पिवळेधमक. त्यांनी एक उचलला, नाकाशी नेला आणि त्यांचे डोळे विस्फारले.

“साबण हाय हा.”

“आंब्याचा साबण?” सखाराम म्हणाले. “बँकॉकवरनं रत्नागिरीला आंबे न्यायचे? डोकं ठिकाणावर हाय ना? अननसाचा घे, नायतर त्यो काटेरी फळाचा घे.”

“काटेरी फळ बघून कोण हसंल? ह्यो बघितला की आधी हसतील, मग वास घेतील, मग म्हणतील, सुंदरानं आणला. जोडी देईन. एकटं फळ कुणाच्या हातावर ठेवू नये.”

सव्वीस घरांच्या बावन्न वड्या. विकणारी बाई त्यांच्याच वयाची होती. ती गणकयंत्रावर आकडा दाखवी, सुंदराबाई त्यावर आपला आकडा काढीत. दोन्ही आकडे एकमेकांपासून फार दूर होते. शेवटी सुंदराबाईंनी मासळीबाजारात करतात तेच केले. साबण टोपलीत ठेवला, पदर सावरला आणि मागे न बघता चालू लागल्या. रत्नागिरीत तिसऱ्या पावलाला हाक येते. येथे अकरा पावले झाली तरी हाक आली नाही. त्या पुढच्या दुकानातल्या चपला उगाच न्याहाळत उभ्या राहिल्या.

“हिलापण येतं वाटतं हे,” त्या सुनेला हळूच म्हणाल्या.

“आई, तुमची जाऊबाईच भेटली तुम्हाला,” आम्रपाली म्हणाली.

पुढे काय झाले असते कोण जाणे, पण मागे टोपलीपाशी आजोबांच्या कडेवर असलेल्या चौदा महिन्यांच्या सानवीने हात लांब केला, एक आंबा उचलला आणि त्याचा चावा घेतला. तिचे तोंड जे वाकडे झाले ते पाहून ती विकणारी बाई खो खो हसत सुटली. तिने ओल्या फडक्याने सानवीचे तोंड पुसले, तिच्या गालाला हात लावला आणि गणकयंत्रावर आपणहून आकडा उतरवला. चावलेली वडी तिने फुकटच दिली. “ही आपल्या घरची,” सुंदराबाईंनी जाहीर केले. पैसे त्यांनी स्वतःच्या बटव्यातून दिले. दर हंगामात त्या आंब्याच्या बागेत पेट्या भरायला जातात, त्या मजुरीतले ते होते.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत त्यांनी आपली कला दाखवली. दुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात थाई वर्तमानपत्रांच्या पट्ट्या फाडून पेंढ्यासारख्या अंथरल्या आणि त्यावर आंबे लावले. देठ एका बाजूला, फळाला फळ टेकलेले, पण दाबलेले नाही. तेरा-तेराचे चार थर. वरून सुतळी. तयार झालेली पेटी बागेतल्या पेटीपासून ओळखता आली नसती. मोठ्या बॅगा आधीच पंधरावर काठोकाठ भरल्या होत्या, आणि पेटी काही विमानाच्या पोटात फेकायला द्यायची नसते. ती सुंदराबाईंचे हातातले सामान ठरली.

सखारामांनी काट्याला लावून ती उचलली. “साडेआठ.”

“सात चालतं ना?”

“सात तुझे. वरचे दीड सानवीचे.”

“तिचे कुठले?”

“तिचं हाफ तिकीट नाय का काढलंय सम्यकनं? पैसे भरलेले मी बघितलेत. हाफ तिकिटाला हाफ लगेज, साडेतीन किलो. उलट दोन किलो शिल्लकच ऱ्हातात.”

एकतीस वर्षे ज्याने लगेज मोजले, त्याच्या हिशेबावर शंका कोण घेणार? सम्यक खाली काउंटरवर बिल देत होता आणि आम्रपाली मुलीला झोपवत होती. सुंदराबाईंनी समाधानाने सुतळीला आणखी एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरच्या खिडकीत एक हसतमुख मुलगी होती. तिने चारही मोठ्या बॅगा वजनावर घेतल्या. सगळ्या बरोबर भरल्या. हातातल्या सामानाकडे तिने लक्षही दिले नाही आणि बोर्डिंग पास सम्यकच्या हातात ठेवले. तेवढ्यात सखाराम पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पेटी काट्यावर ठेवली.

“हे राहिलं, मॅडम.”

“बाबा!” सम्यक आणि आम्रपाली एकदमच म्हणाले.

काट्यावर साडेआठ हा आकडा उमटला. मुलीचे हसू तसेच राहिले, पण मान नकारार्थी हलली. तिने सम्यकला इंग्रजीत काही सांगितले.

“एका माणसाला सातच, बाबा. दीड जास्त आहे.”

“ते सानवीचं हाय म्हणून सांग.”

सम्यकने विचारले आणि उत्तर ऐकून तो ओशाळला. “सानवीला लगेज नाही. तिला सीट नाही ना. मांडीवर बसणार ती.”

“मांडीवरच्या पोराला आपल्याकडं तिकीट नाय. हे तिकीट घेणार, सीट देणार नाय, आणि लगेजपण नाय? असला कसला नियम?”

“तिनं थोडाच केलाय तो नियम, बाबा?”

हे वाक्य सखारामांनी आयुष्यात किती वेळा उच्चारले होते, याची गणती नव्हती. ते ऐकणाऱ्याच्या बाजूला उभे राहण्याची वेळ मात्र पहिलीच होती.

बाकी तिघांच्या हातबॅगा त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच सात किलोवर नेऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे तिथेही जागा नव्हती. सम्यकने खिशाला हात घातला. जादा किलोचा दर साऱ्या पेटीच्या किमतीहून जास्त होता, तरी तो म्हणाला, “भरतो मी.”

“नको,” सुंदराबाई म्हणाल्या. “माझ्या मजुरीचा वानवळा हाय तो. त्यात तुझं पैसं घालू नको.”

त्यांनी पेटी बाजूला घेतली आणि भुईवर बसून सुतळी सोडली. दीड किलो म्हणजे दहा वड्या. दहा वड्या म्हणजे पाच घरे. त्यांनी वाडीच्या वरच्या टोकापासून मनात घरे मोजायला सुरुवात केली. एक वडी हातात घेत, क्षणभर धरत आणि परत जागेवर ठेवत. हे घर एकट्या म्हातारीचे. त्या घरातून गेल्या वर्षीच बोधगयेची माळ आली होती. पलीकडच्या घराशी तर बोलणेच बंद होते, म्हणून ते मुळीच वगळता येणार नव्हते. शेवटी त्या उठल्या.

“ऱ्हाऊ दे सगळंच. पाच घरं सोडून इकवीस घरांना वाटायचं, तर कुणालाच नको. ही पेटी त्या पोरीला देऊन टाक.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सखारामांना बरे वाटले असते. मग त्यांनी मुलाला बोलावले.

“तिला एक विचार. अंगावरचं लगेजात धरतात काय?”

“म्हणजे?”

“विचार तू.”

मुलीने प्रश्न ऐकला, सखारामांकडे नीट पाहिले आणि हसून नकारार्थी मान हलवली.

“मग झालं तर,” सखाराम म्हणाले. “आमच्या गाडीतपण अंगावरचं कधी मोजलं नाय.”

त्यांनी आपली हातबॅग उघडली. चपला काढून आत टाकल्या आणि लग्नासमारंभाचे जड बूट पायात चढवले. सदऱ्यावर दुसरा सदरा घातला, त्यावर तिसरा, आणि त्यावर पहाटेच्या प्रवासासाठी आणलेला लोकरीचा स्वेटर. मग प्रसाधनगृहात जाऊन ते एका पँटवर दुसरी पँट घालून परत आले. त्यांचे हात आता अंगापासून वीतभर लांब राहत होते.

“बाबा, थेट काश्मीरला निघाल्यासारखे दिसताय,” आम्रपाली म्हणाली.

सुंदराबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांचे खांदे हलू लागले.

“हसू नको. दहा वड्या दे इकडं.”

दहा वड्या सखारामांच्या हातबॅगेत गेल्या. त्यांनी पेटी पुन्हा काट्यावर ठेवली. सात. मग स्वतःची बॅग ठेवली. सातला थोडी कमीच. मुलीने दोन्ही हात जोडून आपल्या देशाच्या रीतीने नमस्कार केला. सखारामांनीही घाम पुसत नमस्कार केला, पण स्वेटर काढला नाही. विमानात आसनावर बसल्यानंतरच त्यांनी तो उतरवला.

मुंबईत उतरल्यावर तपासणीच्या यंत्रातून पेटी गेली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहून ती उघडायला लावली. “काकू, फळं आणायला परवानगी नसते. कुठं नेताय हे आंबे?”

“रत्नागिरीला,” सुंदराबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने पेटीकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले, एक वडी उचलून वास घेतला आणि ती तिच्या जागी ठेवली. देठ चुकीच्या बाजूला झाला होता, तो सुंदराबाईंनी सरळ केला.

वाडीत वाटप दोन दिवस चालले, कारण प्रत्येक घरी बसावे लागे. सगळे आधी हसले, मग त्यांनी वास घेतला. बागेत राखणीला जाणाऱ्या गंगारामांनी वडी दोन्ही हातांत फिरवून निकाल दिला, “हापूस नाय. पायरीतपण बसत नाय. आणि कच्चा काढलाय.” ज्या घराशी बोलणे बंद होते, तिथे सुंदराबाईंनी ओटीवर जोडी ठेवली आणि वळल्या. मागून आवाज आला, “चा पिऊन जा.” चहा झाला. फारसे बोलणे झाले नाही, पण चहा झाला.

महिन्याभराने त्यांच्या लक्षात आले की एकाही घरात तो साबण कोणी वापरलेला नाही. कुठे टीव्हीवर, कुठे कपाटाच्या काचेआड, कुठे बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर जोडी तशीच मांडलेली होती. वरच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या येसूबाईंकडे गेल्यावर त्यांना राहवले नाही.

“अगो आत्ये, साबण हाय तो. आंगाला लावायचा. बघत काय बसलीस?”

“आंगाला लावायला माझी दहा रुपयांची वडी हाय की,” येसूबाई म्हणाल्या. “ही लावली तर आठ दिसांत इरघळंल. मग कोण आलं-गेलं तर काय दाखवू? परवा माझा भाचा आला होता मुंबईवरनं. म्हटलं, बघ, सुंदरा इमानातनं गेली, तिनं वानवळा आणला.”

खिडकीतून आलेले ऊन फळीवरच्या जोडीवर पडत होते. सुंदराबाईंनी उठून दोन्ही आंबे हातभर आत, सावलीत सरकवले.

“उन्हात ठेवू नको,” त्या म्हणाल्या. “रंग उडंल.”